शून्य गुणांची बेडकी

“आजी, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या नातीला भाषाच नाही,” तालुक्याहून आलेले देशमाने साहेब म्हणाले.

“भाषा न्हाई?” मी म्हणाले. “मग काय, शेपूट हाय?”

शाळेच्या व्हरांड्यात बसलेल्या आया पदराआड हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांच्या मांडीवर पाटीएवढा टॅब होता आणि त्याच्या काचेवर एक पिवळं पिल्लू डोळ्यांतनं टिपं गाळत बसलं होतं. पिल्लाखाली शून्य. शून्याच्या वर माझ्या नातीचं नाव: तेजल भारत लवटे, इयत्ता दुसरी.

“आणि आजी नातवंडांनी म्हणायचं,” मी म्हणाले. “सगळं गाव मला आक्का म्हणतं. तुमच्या तोंडी बसत नसंल तर द्वारकाबाई म्हणा.”

“आई, जरा दमानं,” माझा भारत बाजूनं पुटपुटला. त्याच्या हातात पेन होतं, टोपण काढलेलं. मला धास्ती होती ती त्या पेनाची.

तेजल शाळेत बोलत नव्हती. घरी तोंडाचा पट्टा, पण शाळेचं फाटक ओलांडलं की कुलूप. पहिलीचं अख्खं वर्ष तसंच गेलं. दुसरीला आली त्या साली पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं आमच्या शाळेला टॅब दिले. पोरांची भाषा वाढावी म्हणून. टॅब गोष्ट सांगणार, पोरानं ऐकायची, मग तीच गोष्ट आपल्या तोंडानं टॅबाला सांगायची. टॅब ऐकणार आणि गुण देणार. तेजलला तीनदा बसवलं, तिन्ही वेळा शून्य. आणि तीनदा शून्य आलं की पोराला तालुक्याच्या खास शाळेत धाडायचं, तिथंच राहायचं, तिथंच शिकायचं, असं साहेबांचं म्हणणं. त्याच्या संमतीच्या कागदावर भारत सही करायला निघाला होता. शिक्का मारलेलं काहीही पुढं आलं की माझ्या लेकाचा हात आपोआप सही करतो. बापावर गेलाय.

कुणी म्हणेल, म्हातारीला यंत्राचं वावडं. वावडं असतं तर गावात पहिलं ठिबक माझ्या डाळिंबाच्या बागेत आलं नसतं. हे टॅब आले त्या दिवशी नारळ मीच फोडला होता. आणि ती तालुक्याची शाळा वाईट, असंही मी म्हणत नाही. ज्याला गरज त्याला ती सोन्याची. पण सात वर्षांची बोलकी पोर मुकी ठरवून उचलून न्यायची, आणि ती कशानं? तर एका पिवळ्या पिल्लानं रडून दाखवलं म्हणून?

“त्या पेटीनं माझ्या पोरीला विचारलं तरी काय?” मी म्हणाले.

“फार सोपी गोष्ट होती. बेडकीची.”

“आणि पोर काय म्हणाली?”

“काही नाही. म्हणून तर शून्य.”

“तुम्ही तिथं होता?”

“मी असायची गरज नसते, द्वारकाबाई. टॅब ऐकतो.”

“तुम्ही होता का मास्तर?”

शिरतोडे मास्तर खांबाला टेकून उभे होते. हाडाचा मास्तर. शाळेत वीज नसली की सगळे टॅब पिशवीत घालून स्वतःच्या घरी न्यायचे आणि चार्ज करून आणायचे. त्यांनी मान हलवली. “मूल एकटं बसवायचं, असा नियम आहे आक्का. दुसऱ्या खोलीत. पण…” ते साहेबांकडं बघून म्हणाले, “आवाज साठवलेला असतो, साहेब. ऐकवता येईल.”

“निकाल आल्यावर ऐकून काय करायचंय?”

“निकाल तुम्ही ठेवा,” मी म्हणाले. “मला पोर ऐकवा.”

मास्तरांनी टॅब घेतला, चार ठिकाणी बोट टेकवलं आणि आवाज मोठा केला. आधी एक बाई बोलायला लागली. गोड आवाज, पाकात बुडवून काढलेला.

“एका तळ्यात एक बेडकी राहत होती.”

“हूं.” लांबून, बारीक. माझी तेजल.

“एके दिवशी तिला रस्त्यात एक छत्री सापडली.”

“हूं.”

“ऐकलंत?” साहेब म्हणाले. “नुसती कण्हते आहे. टॅब याला गोंगाट समजतो.”

मी हात वर केला. साहेब गप्प झाले. माझा हात वर गेला की आमच्या गावात बैलगाडीसुद्धा थांबते.

बाईची गोष्ट संपली. “आता तू सांग हं!” म्हणाली. मग जरा खुडबुड झाली, आणि तेजलचा आवाज आला. “एक बेडकी हुती.”

पुढं काही नाही. लांब कुठंतरी कोंबडी ओरडलेली ऐकू आली.

“एक बेडकी हुती.”

परत शांत.

तिसऱ्यांदा बोलली तेव्हा आवाजाचं शेपूट वर गेलं होतं, कुणी दाराशी उभं राहून आत हाक मारावी तसं. “एक बेडकी हुती?”

आणि ती गोड बाई म्हणाली, “छान प्रयत्न! पुन्हा भेटू!”

सूनबाई मागं बसली होती, तिनं हुंदका दिला. भारतनं मान खाली घातली. साहेब जरा मऊ होऊन म्हणाले, “बघा, एकच वाक्य. तेच पुन्हा पुन्हा. पुढं जाताच येत नाही तिला. यात तुमचा कुणाचा दोष नाही.”

माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला होता. पण मी तोंडावर काही दाखवलं नाही. बाजारात माल पारखताना मी कधी दाखवत नाही, तर इथं कशाला दाखवू?

“भारत,” मी म्हणाले, “पेन खिशात घाल. मास्तर, पोरीला बोलवा. साहेब, परत लावा.”

“तीन संधी झाल्या.”

“चौथी मी मागतीया.”

“सरावाचा भाग वेगळा असतो, साहेब,” मास्तर चटकन म्हणाले. “तो कितीही वेळा लावता येतो. निकालात धरत नाहीत.”

साहेबांनी घड्याळ बघितलं, मला बघितलं. “ठीक. पण मोठ्यांनी सांगायचं नाही. खुणा नाहीत, शिकवणं नाही.”

“मी तिच्याशेजारी बसणार. एक शब्द बोलले तर ती सही मी माझ्या हातानं करीन.”

“सही येते तुम्हाला?”

“दुसरीपर्यंत शिकलीया. तुमच्या शून्यापेक्षा दोन जास्त.”

तेजल आली. दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली. मला बघून तिचे डोळे मोठे झाले. मी चटईवर मांडी घातली आणि शेजारची जागा थोपटली. ती बसली, पाय पोटाशी घेऊन, आणि टॅबाकडं असं बघायला लागली जसं लग्नात न बोलणाऱ्या पाहुणीकडं बघतात.

गोड बाईनं गोष्ट सांगितली. तेजल प्रत्येक वाक्याला “हूं” म्हणत होती. बाई दम खायला थांबतच नव्हती, तेव्हा पोरीचा “हूं” तिच्यामागनं धावत होता. “आता तू सांग हं!”

तेजलनं ओठ ओले केले. “एक बेडकी हुती.”

“हूं,” मी म्हणाले.

तिनं झटकन माझ्याकडं मान वळवली. आणि मग पाटाचं दार उघडावं तशी सुटली.

“तिला वाटंत छत्री गावली.”

“हूं.”

“तर ती म्हनली, ह्ये कुनाचं घर हाय गं, ह्याला भिंतीच न्हाईत!”

“हूं.”

“मग ती आत शिरली. तर पाऊस आला. तर गोगलगाय म्हनली, मला घे. बेडकी म्हनली, ये बाई, पन पाय पुसून ये. गोगलगाय म्हनली, मला पायच न्हाईत!”

“हूं!”

“मग बेडकी बाजारात गेली, आन् तिनं हत्ती इकत घेतला.”

“अं?” मी म्हणाले.

तेजल खुदकन हसली. “न्हाई न्हाई, चिरमुरं घेतलं.”

“हूं.”

गोड बाईच्या गोष्टीत ना गोगलगाय होती ना चिरमुरे. मास्तर तोंडावर हात धरून उभे होते. सूनबाई रडायची थांबली होती.

आता सांगते. आमच्या घरात भिंतीला गोष्ट सांगत नाहीत. सांगणारा एक, हुंकारा देणारा एक. दिवेलागणीला मी गोष्ट धरते तेव्हा समोरच्यानं हुंकारा द्यायचाच. हुंकारा थांबला की गोष्ट थांबली, मग राजकन्या विहिरीत लटकत का असेना. जेवायच्या आधी हात धुवायला शिकवतात तसं हे मी घरातल्या प्रत्येक पोराला शिकवलंय. आणि अधूनमधून सांगणाऱ्यानं एक वेडगळ गोष्ट मध्येच सोडून द्यायची. हत्ती इकत घेतला म्हणायचं. समोरचा “हूं” म्हणाला तर तो झोपलाय. “अं?” म्हणाला तर जागा आहे.

तेजलनं सगळं शिस्तीनं केलं होतं. बाई सांगत होती तोवर हुंकारा दिला. आपली पाळी आली तेव्हा एक वाक्य टाकलं आणि हुंकाऱ्याची वाट बघितली. आला नाही. दुसऱ्यांदा टाकलं, तिसऱ्यांदा विचारलं, आहेस का? कुणी नाही. मग गप्प बसली. झोपलेल्या माणसाला गोष्ट सांगायची नसते.

“तुम्ही बोललात,” साहेब म्हणाले.

“कुठला शब्द बोलले?”

साहेबांनी व्हरांड्याकडं बघितलं. “न्हाई बोलल्या, शब्द न्हाई बोलल्या,” सगळ्या आया एका सुरात म्हणाल्या. आमच्या गावात एरवी दोन बायकांचं पटत नाही.

पण पिल्लू अजून रडतच होतं. काचेवर अक्षरं आली होती ती साहेबांनी वाचून दाखवली: दोन आवाज आढळले, मुलाला एकटे बसवा. “माझा नाइलाज आहे, द्वारकाबाई. मुलीला येतं, ते मला दिसलं. पण यंत्राला दिसायला हवं. वरती यंत्राचं धरतात.”

तेव्हा शिरतोडे मास्तर पुढं आले. त्यांचे कान लाल झाले होते, आनंदानं. “साहेब, मूल थांबलं की टॅब ‘शाबास, पुढे सांग’ म्हणू शकतो. ती सोय आहे यात, आपणच बंद ठेवली होती. त्या जागी आक्कांचा हुंकारा भरला तर?”

साहेब ताठ बसले. हुशार माणूस होता, नाही म्हणणार नाही. क्षणात त्यांना सगळं दिसलं. “जमेल?”

“आत्ता करतो.”

“जमलं तर मी संस्थेला कळवतो. तालुक्यातल्या सगळ्या शाळांत घालू. द्वारकाबाई, पोरं तुमच्या आवाजानं बोलायला लागतील! आणि या मुलीचं शून्य मी पुसून टाकतो.”

खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. तालुकाभर माझा आवाज! ज्या सोयरिकीतल्या बायका मला तोंडाळ म्हणतात त्यांच्या नातवंडांना मी हुंकारा देणार. मी घसा साफ केला, पदर नीट केला आणि टॅबाच्या त्या सुईएवढ्या भोकात असा “हूं” दिला की वर्गातली पोरं खिडकीत जमली.

मास्तरांनी खटपट केली. मला उठवून खांबाजवळ बसवलं. तेजल टॅबासमोर एकटी.

“एक बेडकी हुती.”

“हूं,” टॅब म्हणाला. माझा आवाज.

तेजलनं माझ्याकडं बघितलं. माझं तोंड बंद. तिनं टॅबाकडं बघितलं. मग सांगायला लागली, छत्री, पाऊस, गोगलगाय. थांबली की “हूं”, थांबली की “हूं”. पिल्लू हसायला लागलं. त्याच्या डोक्यावर चांदणी उगवली, मग दुसरी. साहेब बोटांनी मांडीवर ताल धरत होते. भारतनं सुस्कारा सोडला.

आणि पोर म्हणाली, “मग बेडकीनं सायबाची गाडी गिळली.”

“हूं.”

तेजल थांबली. टॅबाच्या जवळ तोंड नेलं. “आन् मग मास्तरबी गिळलं.”

“हूं.”

“चपलासकट.”

“हूं.”

तिनं टॅब उचलला आणि चटईवर पालथा घातला. “आज्जे, ही तू न्हाईस. ही ऐकत न्हाई.”

“बाळ, असं नाही करायचं,” साहेब घाईनं म्हणाले. “तू आपलं सांगत राहा. एकच चांदणी राहिली आहे. नुसतं सांग, झालं!”

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली असती तर तिनं सांगितलं असतं, माझ्या शब्दाबाहेर ती कधी नव्हती. एक चांदणी, आणि शून्य पुसलं जाणार होतं. भारत डोळ्यांनी मला हात जोडत होता.

“पोर बरोबर बोलतीया,” मी म्हणाले. “मास्तर, माझा आवाज पुसा.”

“आई!” भारत म्हणाला.

“गप. न ऐकता हुंकारा देणं म्हणजे न बघता साक्ष देणं. आयुष्यात मी कुणाला खोटी साक्ष दिली न्हाई, आणि आता माझ्या आवाजात ही पेटी तालुक्यातल्या पोरांना फसवणार? लेकरू आपलं काळीज काढून सांगतंय आणि पलीकडं कुणी न्हाई? पुसा.”

साहेब उभे राहिले. आता त्यांनाही राग आला होता. “म्हणजे शून्य राहणार.”

“ऱ्हाऊ द्या.”

“मग मुलीला तालुक्याला जावं लागेल.”

“जायची न्हाई. तुमच्या पिल्लाला रडायचं तेवढं रडू द्या. माझी पोर ह्याच शाळेत बसंल, ह्याच चटईवर. उचलायची हिंमत असंल त्यानं आधी मला उचलावं. वजनाला मी बरी हाय.”

कुणी हसलं नाही. मास्तर टॅब हातात घेऊन नुसते उभे. एवढ्यात तेजल उठली. साहेबांपुढं गेली, मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. शाळेच्या फाटकाच्या आत, परक्या माणसाशी ती जन्मात पहिल्यांदा बोलली.

“तुमी ऐकता का?”

ती उत्तराला थांबलीच नाही. “एक बेडकी हुती.”

सगळा व्हरांडा साहेबांच्या तोंडाकडं बघत होता. माझ्या जिभेवर हुंकारा आला होता, मी तो दातांखाली धरला. हा माझा नव्हता. साहेबांनी घड्याळाकडं हात नेला, अर्ध्यातच थांबवला.

“हं,” ते म्हणाले.

“हं न्हाई,” तेजल म्हणाली. “हूं.”

“हूं,” साहेब म्हणाले, आणि खुर्चीत बसले.

मग तिनं सांगितली. पहिल्यापासनं, छत्री, गोगलगाय, चिरमुरे. साहेब आधी ऑफिसात सही केल्यासारखा हुंकारा देत होते. गोगलगायीला पाय नाहीत म्हणाली तिथं ते हसले, आणि त्यानंतरचा हुंकारा वेगळा होता. पुढं झुकले होते. हातातलं पेन कधी खाली पडलं त्यांना कळलं नाही.

“मग बेडकीला भूक लागली, आन् तिनं तुमची गाडी गिळली.”

“अं?” साहेब म्हणाले. त्यांनी खरंच मान वळवून फाटकाकडं बघितलं. “माझी गाडी?”

तेजल माझ्याकडं वळली. “आज्जे, ह्ये ऐकतात,” म्हणाली.

पिल्लाचं शून्य पुसलं गेलं नाही, ते यंत्राचं होतं. पण त्या शून्याशेजारी शेरा लिहायची जागा होती. साहेबांनी तिथं लिहिलं, आणि मी सांगितलं म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं: “मी स्वतः ऐकले. मुलगी बोलते. याच शाळेत राहील.” जाताना पायरीवर थांबून म्हणाले, “येतो, आक्का.”

टॅब राहिले, चांगले राहिले. शिरतोडे मास्तरांनी फक्त एक बदल केला. टॅबाशेजारी एक चटई जास्तीची. तिथं कुणीतरी येऊन बसायचं, आजा, मावशी, पारावर बसून माशा मारणारा कुणीही. टॅबानं गोष्टी सांगायच्या, पोरांचे आवाज जपून ठेवायचे. ते काम तो माणसापेक्षा बरं करतो. त्यानं ती तीनदा म्हटलेली बेडकी जपली नसती तर माझ्या पोरीला कुणी ऐकलंच नसतं, हे मी कबूल करते. हुंकाऱ्याला मात्र माणूस बसवायचा, हे मी सोडलं नाही. निकालात दोन आवाज येतात म्हणून वरनं दोनदा विचारणा झाली. मास्तरांनी दोन्ही वेळा माझं नाव पुढं केलं. तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही.

तेजल आता पुण्याला कॉम्प्युटरचं शिकते. दिवेलागणीला फोन करते आणि दिवसभराचं सांगते. मी डाळिंबं निवडत फोन कानाशी धरते आणि हुंकारा देते. कधी बागेतला गडी काही विचारायला येतो, कधी डोळा लागतो. तिला लगेच कळतं.

परवा म्हणाली, “मग आम्ही मेसमध्ये गेलो.”

“हूं.”

“खूप गर्दी होती.”

“हूं.”

“आणि हत्ती चपात्या लाटत होता.”

“अं?” मी म्हणाले.

पलीकडं ती खुदकन हसली. “ऐकतीयस,” म्हणाली, आणि पुढं सांगायला लागली.